दारावरचा दिवा

आमच्या ह्यांना एक कॉम्प्युटर हवा होता. तळहाताएवढा, उघडा, ना पडदा ना बटणं. हौशी लोक घेतात आणि त्याला काहीबाही जोडत बसतात, तो. स्वस्त म्हणून सगळं जग त्याच्यामागे हात धुऊन लागलेलं. दुकानदार म्हणे, पुढच्या महिन्यात घरी पाठवतो. पुढचा महिना उजाडला की पुन्हा पुढच्या महिन्यात.

निमित्त सासऱ्यांचं. दुपारी आम्ही दोघं कामावर, बाबा घरात एकटे, आणि दारावरची बेल त्यांना ऐकू येईना. म्हणून बेल वाजली की त्यांच्या खुर्चीसमोर दिवा लागणार. ह्यांनी दिवा बसवला, वायर ओढली, कॉम्प्युटरसाठी लाकडी डबीसुद्धा घासूनपुसून तयार. डबीत ठेवायला तेवढं काही नव्हतं. भिंतीवर लोंबणाऱ्या वायरला मी छत्री अडकवायची.

"अहो, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात जोडून देईल."

"नुसता दिवा कोणीही लावेल," हे म्हणायचे. "हा ओळखणार, दूधवाला आहे की पाहुणा."

"तो कसा ओळखणार?"

"आधी येऊ तर दे."

इकडे बाबा मात्र खंगत चालले होते. त्यांचे जुने मित्र, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका, रोज दुपारी बुद्धिबळ खेळायला यायचे, ते येईनासे झाले. "हरतो ना, म्हणून रुसलाय," असं म्हणून बाबा पट मांडलेलाच ठेवत आणि ताटातलं निम्मं तसंच टाकत. माझा जीव तुटायचा. म्हटलं, "तुम्हाला बेल ऐकू गेली नसेल. मी सांगते काकांना."

"कान गेले हे त्याला सांगायचं नाही," बाबा कडाडले. समोर बसलं की ओठ बघून ते बरोबर उत्तर देत, त्यामुळे काकांना पत्ताच नव्हता.

एका संध्याकाळी आम्ही दोघं घरी परतलो, तर घड्याळकाका आमच्या पायरीवर बसलेले, मांडीवर एक खोकं.

"पार्सलवाला परत नेत होता," ते ह्यांना म्हणाले. "बेल दाबून दाबून वैतागला बिचारा. मी ठेवून घेतलं."

"पण काका, तुम्ही इथे कसे?"

"येतो अधूनमधून. बेल वाजवतो, जातो. वाटायचं, माझंच काही चुकलं, म्हणून उघडत नाही. आज त्या परक्या माणसालाही उघडलं नाही, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला." मग हळूच विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही रे त्याला?"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्याजवळ ऐकवायला पुष्कळ होतं, पण मी आधी दार उघडलं.

इतके महिने ज्याच्यासाठी डोळे लावून बसले होते, ते खोकं ह्यांनी न उघडताच कपाटात टाकलं. छत्री काढून माझ्या हातात दिली आणि वायर सरळ बेललाच जोडली. अर्धा तासही लागला नाही. काका तोवर बाहेरच थांबले होते. मी आत बोलावलं तर म्हणाले, "नको, त्यालाच उघडू दे."

मग त्यांनी बेल दाबली. दिवा लागला. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, सदरा सारखा केला आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

"कुठे होतास इतके दिवस?" त्यांनी दरडावलं.

"घड्याळं फार आली होती रे," काका म्हणाले. अगदी सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा.