डाळिंबी ठिपका

तुऱ्याची जिरवायची हे मी ठरवलं, तेव्हा माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो मी त्याच्या पोटात खुपसला नाही, ही माझ्या माहेरची शिकवण.

तुरा म्हणजे आमच्या नकाशा विभागाचे साहेब. डोक्यावरचे उरलेसुरले केस जेल लावून उभे करायचे, म्हणून अख्ख्या ऑफिसात पाठीमागे हेच नाव. आमची कंपनी इमारतींचे नकाशे काढते आणि तिथले सगळे कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहेत. म्हणजे बंद पडले की शिव्या मला आणि चालले की कौतुक कंपनीचं. त्यात यंदा रॅमचा दुष्काळ पडला. मशीनच्या पोटातली ती हिरवी पट्टी, जिच्या जिवावर मोठी कामं पळतात, ती बाजारातून गायबच झाली. दुकानदाराला फोन लावला की म्हणायचा, "मॅडम, सगळा माल एआयवाले उचलतात. जुन्यावर भागवा." मग भागवत होते. एका मेलेल्या मशीनची पट्टी काढायची आणि दुसऱ्या, मरायला टेकलेल्या मशीनला घालायची, हाच माझा दिवसभराचा धंदा.

पुढे पुढे पट्ट्यांना पाय फुटायला लागले. एकाच्या मशीनमधली दुसऱ्याच्या मशीनमध्ये, आणि विचारलं तर सगळे साळसूद. तेव्हा मी प्रत्येक पट्टीला नेलपॉलिशचा ठिपका लावून टाकला. साहेब लोकांना पांढरा. त्यांना नुसते मेल वाचायचे असतात, त्यांच्या पट्ट्या छोट्या. नकाशेवाल्यांच्या पट्ट्या सगळ्यात मोठ्या, त्यांना डाळिंबी. ती डाळिंबी बाटली माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्यांनी कुरकुर करत दिली आणि वर म्हणाल्या, "माझी नखं ओकीबोकी आणि तुझ्या मशीनी नटलेल्या!"

या जाऊबाई, म्हणजे ताई, तुऱ्याच्याच विभागात नकाशे काढतात. मला या नोकरीत त्यांनीच चिकटवलं. घरातही त्यांचाच शब्द चालतो. दाराची किल्ली एकच, आणि ती त्यांच्या पर्समध्ये. दुसरी करून घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं: "दोन किल्ल्या म्हणजे दोन घरं." आम्ही दोघी बरोबर जायचो, बरोबर यायचो, दार त्या उघडायच्या.

मी तापाने घरी पडले होते, त्याच सुमारास ताईंचं काहीतरी बिनसलं. मी परत कामावर गेले तर त्या गप्प. मोठ्या हॉस्पिटलचा नकाशा त्यांच्याकडे होता आणि तो पुढे सरकत नव्हता. एक भिंत हलवली की स्क्रीन थिजायचा. तुऱ्याने चारचौघांत त्यांना झापलं होतं, "मशीन ठणठणीत आहे, मी स्वतः तपासलंय. तुमचंच वय झालं आता. डोकं चालत नाही, हात चालत नाही." नकाशा काढून घेतला आणि त्यांना जुनी कागदपत्रं लावायला खालच्या खोलीत पाठवलं. हे मला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. ताईंनी मला मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही. लाज वाटली असणार. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

मग एकदा तुऱ्याचं मशीन घरघरायला लागलं, आणि धूळ साफ करायला मी ते उघडलं. आत दोन डाळिंबी ठिपके माझ्याकडे बघत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ताईंच्या जुन्या टेबलापाशी गेले आणि त्यांचं मशीन उघडलं. आत पांढरे ठिपके. शिपायाला आडून आडून विचारलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. मी आजारी असताना या माणसाने बाहेरचा दुरुस्तीवाला बोलावला होता, ताईंच्या मोठ्या पट्ट्या आपल्या मशीनला घातल्या होत्या आणि आपल्या छोट्या त्यांच्या गळ्यात बांधल्या होत्या. कशासाठी? तर दुपारी दार लावून मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळता यावा म्हणून. वर त्या बाईला म्हातारी ठरवून मोकळा.

तेव्हाच बोंब ठोकली असती तर काय झालं असतं? "अरेच्चा, दुरुस्तीवाल्याची चूक दिसते" म्हणाला असता आणि हात झटकले असते. मला त्याचे हात झटकलेले नको होते. मला त्याचं नाक हवं होतं, तेही चारचौघांत. लवकरच हॉस्पिटलवाले नकाशा बघायला येणार होते, मालकीणबाई समोर बसणार होत्या आणि तुरा आपल्याच मशीनवर तो दाखवणार होता. मी दोन्ही झाकणं लावली, स्क्रू पिळले आणि गप्प बसले. इतकी गोड गप्प मी जन्मात बसले नव्हते.

घरी मात्र ताई दिवसेंदिवस खचत होत्या. गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा बघायच्या. बोलता बोलता एखादं नाव आठवलं नाही की पांढऱ्याफटक पडायच्या. मला न सांगता डॉक्टरकडे जाऊन विसराळूपणाची तपासणी करून आल्या. एका सकाळी दाराशी पर्स उघडली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तूच ठेव गं. माझा मलाच भरवसा राहिला नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी मनात म्हटलं, थोडे दिवस कळ काढा, ताई. असं उट्टं काढते की बघत राहाल. किल्ली मी पर्समध्ये टाकली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ऑफिसात पहिली मी. डाळिंबी पट्ट्या ताईंच्या मशीनमध्ये घातल्या, पांढऱ्या तुऱ्याच्या. चोरी नाही, लबाडी नाही. ज्याचं त्याला दिलं.

तुरा नवा शर्ट घालून आला. पाहुणे बसले, मालकीणबाई बसल्या, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर हॉस्पिटलचा तळमजला उघडला. "आता वर जाऊया," तुरा म्हणाला आणि जिन्यापाशीच सगळं थिजलं. त्याने माउस हलवला, मग आपटला. हसला. पुन्हा आपटला. पाहुण्यांपैकी एकीने घड्याळ बघितलं. तुऱ्याच्या कपाळावर घाम आला आणि तुरा हळूहळू आडवा व्हायला लागला. देवाशपथ सांगते, माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं देखणं काही पाहिलेलं नाही.

"मशीनच भिकार आहे!" तो माझ्यावर खेकसला.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "मशीन ठणठणीत आहे. याच पट्ट्यांवर ताईंना तुम्ही इतके दिवस राबवलंत, तेव्हा तुम्हीच तपासल्या होत्या ना? मग आता मशीनला कशाला बोल? वय कुणाचं झालं म्हणायचं?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, झाकण काढून ठिपके दाखवले, दुरुस्तीवाल्याचं नावही सांगितलं. तुरा "गैरसमज, गैरसमज" करत राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ताईंना खालून बोलावलं. त्या हाताची धूळ पुसत आल्या, आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या, आणि सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. पहिल्यांदा तळमजला उघडला. मग जिना चढला, वॉर्ड उघडले, पार गच्चीपर्यंत नकाशा फिरला. ताई एकदाच थांबल्या, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि पुढे गेल्या. हॉस्पिटलचं काम त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे परत आलं आणि जुनी कागदपत्रं लावायला खाली गेला तुरा.

घरी परतताना मी नुसती उडत होते. शर्ट कसा भिजला, आवाज कसा चिरकला, सगळं दोनदा रंगवून सांगितलं. ताई ऐकत चालल्या होत्या. कोपऱ्यावर आल्यावर विचारलं, "ते ठिपके तू कधी बघितलेस?"

"झाले बरेच दिवस," मी ऐटीत म्हटलं. "पण बोलले का? अवाक्षर नाही!"

"मी किल्ली तुझ्या हातात दिली, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत.

"डॉक्टरकडे गेले, तेव्हाही?"

"ताई, तेव्हा सांगितलं असतं तर तो सुटला असता हो."

"तो सुटला असता," त्या म्हणाल्या. "आणि मी?" मग हात पुढे केला. "किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत. मी एकटीच घरी आले आणि बेल वाजवली. आत चपला वाजत दारापर्यंत आल्या.

"कोण?"

"मी आहे, ताई."

"थांब हं. कुलूप आतून लावलंय आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. वय झालं ना माझं."

दारापलीकडे, अगदी माझ्या कानाशी, किल्ली त्यांच्या हातात खुळखुळत होती.