चेलो दाराबाहेर उभा आहे

माझ्या काकांचा एक आवडता संगीतकार आहे. तो सिनेमांना संगीत देतो आणि त्यात शक्य तितके कमी स्वर वापरतो. चार स्वर घेतो, तेच पुन्हा, पुन्हा तेच. ऐकणारा झोपलाय की कायमचा गेलाय हे घरच्यांना कळेनासं झालं, की मग कुठे एखादा पाचवा सोडतो. काकूने त्याचं नाव चारस्वऱ्या ठेवलं होतं.

काकांनी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. "चित्र दिसलं की संगीत नासतं," म्हणायचे. तरी त्यांचा क्रम पक्का होता. दीपगृहाच्या रखवालदाराचा सिनेमा तिसरा. लिफ्टमध्ये संसार थाटणाऱ्या बाईचा दुसरा. पहिल्या नंबरच्या सिनेमात एक माणूस शेवटपर्यंत पूल ओलांडत असतो. निदान काकांचा तसा अंदाज होता, कारण रेकॉर्डच्या कव्हरवर नुसतं धुकं होतं. माझाही क्रम तोच. आमच्या खानदानात हा आजार आम्हा दोघांनाच.

मग काकांना खराखुरा आजार झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय इतकं थकलंय की जोराची शिंकसुद्धा झेपायची नाही. कामाच्या गडबडीत मला जायला जरा उशीरच झाला.

"आलास? जा आत," काकूने दार उघडलं. "आहेत तसेच आहेत."

रस्त्यावर अंधारून आलं होतं, मी सायकलचा दिवा लावून आलो होतो. काकांच्या खोलीत मात्र फरशीवर दुपारचं ऊन पडलं होतं. खिडकीबाहेर काळोख आणि आत उन्हाचा चौकोन. मी त्यात पाय ठेवून पाहिला. गरम लागला.

काका उशांना टेकून बसले होते. नाक वर, तोंड अर्धवट उघडं. पलंगाभोवती फुलांच्या बादल्या होत्या आणि मधे रस्त्याच्या कोपऱ्यावरची फुलवाली बसली होती. खुर्चीत वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर होते. रेकॉर्ड चालू होती. पहिल्या नंबरची. चार स्वर, पुन्हा चार स्वर.

"इथे फुलं कोमेजत नाहीत," फुलवालीने खुलासा केला.

"आणि केस गळत नाहीत," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या डोक्यावर वाचवण्यासारखं फार काही नव्हतं, पण प्रयत्न चिकाटीचा होता.

मी कान दिला. या ठिकाणी चेलो यायला हवा होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा जाडजूड, गंभीर थोरला भाऊ. तो खालून पाचवा स्वर घेऊन येतो, आणि त्याच्यासाठीच ही रेकॉर्ड पहिल्या नंबरवर आहे. तो आला नाही. सुई एकाच खाचेत फिरत होती.

"काकू, रेकॉर्ड अडकलीय."

"अडकली नसती तर काय वेगळं वाजलं असतं?"

मी सुईकडे हात नेला. काकूने माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"हात लावलास तर तंगडं मोडीन. तो चहा बघ. डॉक्टरीणबाईंना केलेला. त्या पुन्हा येऊन दोनदा तपासून गेल्या, अजून वाफ येतेय. यांची दाढी वाढत नाही. दुखणं वाढत नाही. वाजू दे त्याला."

मला कळलं, की तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तिचे केस मात्र कानामागे पांढरे झाले होते. स्वयंपाकघरात जाऊन ती म्हातारी होत होती आणि इथे येऊन थांबत होती.

"ढापण्या," काका नाकातून म्हणाले. माझा चष्मा त्यांना लहानपणापासून खुपतो. "शिंक आलीय रे. कधीची नाकाच्या शेंड्यावर बसलीय. ना पुढे येते, ना मागे जाते. झोप नाही, भूक नाही. आणि चेलो दाराबाहेर उभा आहे. मला त्याचा श्वास ऐकू येतो."

आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. चार स्वरांच्या मागे खरंच कुणीतरी श्वास घेत होतं. हेडमास्तरांनी खुर्ची दारापासून लांब सरकवली.

"उभा राहू दे," काकू म्हणाली.

"अगं, पाहुण्याला किती ताटकळत ठेवायचं?"

"तो आत आला की तुम्ही जाल."

"जाईन की. पण त्याला ऐकून जाईन. हे असं पडून राहणं म्हणजे काय, मी लोणचं आहे का?"

काकू हसली नाही. तिने उन्हाच्या चौकोनाकडे बघितलं. मग मला विचारलं, "तो पाचवा... चांगला आहे का रे?"

"फार चांगला आहे, काकू."

"खोटं निघालं तर तुझ्याकडे बघते." ती उठली. "चला, उचला बादल्या. आणि मास्तर, तुम्ही टोपी घ्या एखादी."

दोघं निमूट गेले. काकूने काकांच्या हातात रुमाल दिला, कपाळावरचे केस मागे सारले आणि स्वतः सुई उचलून एक खाच पुढे ठेवली.

चेलो आला.

ऊन फरशीवरून सरपटत भिंतीवर चढलं आणि विझलं. लगेच खाली दुसरं पडलं, तेही विझलं. सगळे तुंबलेले दिवस एकामागून एक खोलीतून निघून गेले. चहावर साय धरली, मग बुरशी. काकांच्या गालांवर दाढी उगवून छातीकडे निघाली. काका ऐकत होते. एवढा खूश माणूस मी पाहिलेला नाही. मग त्यांना शिंक आली, खिडकीची तावदानं हलली, आणि पलंगावर सगळं शांत झालं.

बाहेरचा काळोख आता आतही होता. काकू रेकॉर्डकडे तोंड करून बसली होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "इथे तर चाल बदलते."

"काकू..."

"माहितीये मला," मान न वळवता ती म्हणाली. "बस खाली. रेकॉर्डची ही बाजू संपू दे."