शेरामायच्या नावाचा घास

त्या दुपारी शेरामायने भेंडीवर फोडलेली अंडी ताटात घेतली आणि नेहमीसारखा पहिला घास बाजूला काढला. जेवणाआधी कुत्र्याचा घास काढणारी घरं नवसारीच्या त्या पारशी आळीत आता थोडीच उरली होती. पपेटो खुर्चीपाशी येऊन बसला. आणला तेव्हा बटाट्याएवढा होता, म्हणून नाव पपेटो, पारशी गुजरातीतला बटाटा. आता म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"मम्मी, डॉक्टरांनी त्याचं तेलकट बंद करायला सांगितलंय," हिल्ला म्हणाली.

"एवढासा तर आहे. तो तुझ्यासारखी पथ्यं पाळत नाही, म्हणून इतका जगला."

"पडला तर उचलायला मीच आहे."

"मग कोण? मलाही तूच उचलतेस."

हिल्लाने ताटं उचलली. तिने आईला धरून न्हाणीघरात नेलं, पाठ पुसली, गोळ्या दिल्या. मग पपेटोला अंगणात नेऊन उभं धरलं, कारण त्याचे मागचे पाय कधी दगा देतील याचा नेम नसे. रोजचाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, तर शेरामाय झोपेतच गेलेली.

तीन दिवस घरात मटण शिजलं नाही. चौथ्या दिवशी रिवाजाप्रमाणे मटण-डाळीचं धानसाक झालं आणि घर माणसांनी भरलं. जो तो जेवायला बसला, त्याला एकच सुचलं, शेरामायच्या नावाने तिच्या कुत्र्याला घास द्यावा. "खा रे बाबा, तुझ्या बाईला पोचू दे," म्हणत कोणी मटणाचा तुकडा टाकला, कोणी तेलाने माखलेला भात. शेरामायची धाकटी बहीण बानूमासी, तिने तर नळीचं हाडच दिलं. पपेटोने कोणाचं मन मोडलं नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर हिल्ला बसली, आणि तिनेही आपल्या ताटातला पहिला घास त्याच्यापुढे ठेवला. हात आपोआप गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला उलट्या सुरू झाल्या. पाठीची कमान करून तो थरथरत उभा राही, पोटाला हात लावू देईना. जनावरांचे डॉक्टर गामीत घरी आले.

"स्वादुपिंडाला सूज आहे. काय खाल्लं याने?"

"धानसाक."

"कोणाच्या ताटातलं?"

"अख्ख्या आळीच्या."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुढच्या पायात सुई खोवली, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. उलट्या थांबेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. "वय फार झालंय," जाताना ते म्हणाले. "सांगता येत नाही."

दुपारी बानूमासी डबा घेऊन आली. पपेटोकडे बघून दारातच थबकली.

"मग शेराचा घास?"

"मासी, त्याच्या पोटात पाणी राहत नाहीये."

"जाऊन आठवडा नाही झाला आणि तिला उपाशी ठेवायचं?"

"गल्लीतल्या कुत्र्याला घाल ना."

"गल्लीतला कुत्रा शेराला चालेल? ती मासेवालीलासुद्धा आधी खानदान विचारायची."

हिल्लाला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. मासी डबा मांडीवर घेऊन बसली. पपेटोकडे बघत म्हणाली, "नळी मी दिली होती."

"सगळ्यांनीच दिलं. मीही दिलं."

त्यानंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. खालचं फडकं बदलायचं, कूस बदलायची, ओल्या कापसाने तोंड पुसायचं. पोटाखाली हात घालून त्याला उचलताना हिल्लाच्या कमरेत तिथेच चमक निघे, जिथे आईला उचलताना निघायची. शेजारी दारातून डोकावत. "तू आहेस म्हणून काळजी नाही, डिकरा," लेकीला म्हणावं तसं म्हणत. "हो, मी बघते," ती म्हणे, आणि ते निघून जात.

मग उलट्या थांबल्या. डॉक्टरांनी पातळ भाताची पेज चमचा चमचा द्यायला सांगितली. मासीने वाटी हिल्लाच्या हातातून घेतली, ओठांतल्या ओठांत बहिणीचं नाव घेतलं आणि पेजेत बुडवलेलं बोट पपेटोच्या तोंडाशी नेलं.

"शेरा म्हणेल, हे काय आजाऱ्याचं जेवण."

"आजारीच आहे तो."

पपेटोने आधी नुसता वास घेतला. मग जीभ बाहेर आली, एकदा, पुन्हा एकदा. दोघी त्याच्या पोटाकडे बघत बसल्या. पेज आत राहिली. तो कुशीवर कलंडला आणि घोरायला लागला.

मासीने डोळे पुसले, पर्स उचलली. "चल, पोचला तिचा घास. निघते मी. तू बघशील ना याचं?"

"हो, मी..." हिल्ला म्हणाली आणि थांबली. वाटी विसळायला ती उठली होती, ती तशीच खाली बसली.

"काय गं?"

"मी थकलेय, मासी. मम्मी होती तेव्हाही थकले होते. तिला कधी म्हटलं नाही." तिने वाटी जमिनीवर ठेवली. "आज तू जाऊ नकोस."