यमुनाबाईंच्या सायकलचा लाल टिळा

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. इंग्लंडात लीड्स शहरातल्या एका गॅरेजात, गवत कापायच्या यंत्राशेजारी माझा मुक्काम असतो. म्हातारी झाले असले, तरी घंटी अजून खणखणीत आहे हं!

माझ्या मालकीण यमुनाबाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या. माझ्या कॅरियरवर त्यांची काळी बॅग असे, आणि पुढ्यात लीड्सचे ते जीवघेणे चढ! आम्ही दोघींनी अर्ध्या वस्तीला जग दाखवलं. दर दसऱ्याला त्या माझ्या दिव्यावर तेलात कालवलेलं कुंकू लावत. तो टिळा हळूहळू पक्का बसला. मला त्याचा फार तोरा होता.

यमुनाबाई गेल्या आणि त्यांचा मुलगा शशिकांत याने मला गॅरेजात लोटलं. माझी चेन तेवढी कुरकुरत राहिली.

यंदा नात शाल्मलीच्या शाळेत ‘विसरलेली माणसं’ नावाचं प्रदर्शन भरलं; प्रत्येक मुलाने एकेक माणूस निवडायचं होतं.

“बाबा, आजीचा सायकल नेऊ? प्लीज!” पोरगी मला ‘तो’ म्हणते, पण जीव लावते.

“अगं, आजी काय हिस्ट्री बुकमध्ये आहे? एखादी राणी घे. सायकल शनिवारी भंगारात जाणार आहे,” शशिकांत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून विरघळला. “बरं, ने. कुणी एकाने जरी आईला ओळखलं, तर ठेवू.”

त्याने मला हौसेने घासून लख्ख केलं. शाळेत मात्र सगळी गर्दी राण्यांपाशी. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. मला रडूच आलं.

इतक्यात सूनबाई सुमेधा म्हणाली, “अहो, आईंचा टिळा कुठे गेला?”

“तो टिळा होता? गंज समजून काढला मी!” शशिकांत ओशाळला.

सुमेधाच्या पर्समध्ये देवळातल्या कुंकवाची पुडी होती. शाल्मलीने चिमूटभर घेऊन माझ्या दिव्यावर ठसठशीत टिळा लावला. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या मॉरीन नावाच्या बाई थबकल्या.

“ओह माय! नर्स यमुनाज् बाइक!” त्यांनी माझं हँडल घट्ट धरलं. मग त्या इंग्रजीत सांगू लागल्या की, धाकट्या भावाच्या वेळी त्यांची आई फार घाबरली होती. खिडकीतून हा लाल ठिपका दिसला आणि ती म्हणाली, “आता भीती नाही. ती आली.”

शशिकांतने चष्मा काढून डोळे पुसले. मी भंगारात गेले नाही. आता शाल्मली माझ्या चेनला तेल घालते, आणि मी मजेत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा. पण आधी घरात एकदा विचारा, हा डाग कुणाच्या बोटाचा आहे?