डोळा पकडणारा कॅमेरा

आमच्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सल्ले द्यायची खोड आहे. मी वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढते, तर नवा कॅमेरा घेतल्याबरोबर ते मलाच शिकवायला बसले.

"याचा ऑटोफोकस डोळा ओळखतो. माणूस कितीही पळो, सुटत नाही. तुमच्यासारख्यांचे दिवस भरले आता."

तोवर त्यांनी तो फक्त झोपलेल्या मांजरावर रोखला होता.

त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची, अडथळ्यांची शर्यत होती. पोरगी वर्षभर राबली. भावजी सरावाला एकदाही फिरकले नाहीत. त्या दिवशी मात्र गळ्यात ती तोफ अडकवून सगळ्यांच्या आधी हजर.

समोरून अंगावर येणारं माणूस टिपणं मुळातच अवघड. अंतर क्षणाक्षणाला बदलतं, त्यात ही मुलगी दर अडथळ्यामागे अर्धी गडप होते आणि पुन्हा वर उसळते. अंतिम रेषेपलीकडे आम्हा फोटोग्राफरांसाठी आखलेल्या जागेत मी गुडघा टेकून बसले होते. भाचीनं शेवटचा अडथळा ओलांडला, सगळ्यांच्या पुढे! मी बटण दाबलं आणि त्याच वेळी दोरी ओलांडून भावजी माझ्यापुढे ठाण मांडून उभे राहिले.

यंत्राला काय, जवळ दिसलं ते धरलं. माझ्या सगळ्या फोटोंत भावजींचा कान. केसांसकट, लख्ख.

"असू दे गं, माझ्याकडे आहे ना!" म्हणत त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याचा पडदा माझ्या नाकासमोर धरला. भाची म्हणजे नुसता रंगाचा फराटा. तिच्या मागच्या फलकावर टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई हसत होती; पापण्या मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. कॅमेऱ्यानं डोळा पकडला होता, यात खोटं काहीच नव्हतं.

दुसरा असता तर गप्प बसला असता. हे जिंकून धापा टाकणाऱ्या मुलीला म्हणाले, "बेटा, जरा तिकडून पुन्हा पळत ये. मघाशी फार जोरात आलीस."

भाचीनं हात पुढे केला. "द्या तो कॅमेरा. तुम्ही पळून दाखवा बाबा, मी काढते. कसं पळायचं ते तरी कळेल मला."

टोमणा डोक्यावरून गेला. पोट आवळून, तोंड वासून हा गृहस्थ खरंच पळाला, तोही अडथळ्यांच्या बाजूबाजूनं. त्या वेगाला कुठलाही कॅमेरा चुकला नसता. फोटो उत्तम आला.

आमच्या पेपरात भाची पदक घेतानाचा मिळमिळीत फोटो छापला गेला आणि संपादकांनी माझी खरडपट्टी काढली. भावजींनी मात्र स्वतःचा पळतानाचा फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. येईल त्याला त्यासमोर उभं करून ऑटोफोकस समजावतात. पदक कुणाचं होतं हे अजून एकाही पाहुण्याच्या कानावर आलेलं नाही.

पुढची शर्यत कधी आहे, हे भाचीनं फक्त ताईला आणि मला सांगितलंय.