चौऱ्याऐंशी अंशांचं जोडपं

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

"पॉलिश," अमेमियाकाका म्हणाले. "काल तिचा एकोणपन्नासावा दिवस होता. तिचा दगड चारचौघांत असा मळका कसा पाठवायचा?"

आमच्या कोफू शहरात स्फटिक घासणाऱ्यांच्या घरातून बिनपॉलिशचा दगड बाहेर पडत नाही. मांजरसुद्धा जरा चकाकतच बाहेर पडतं. 'तिचा' म्हणजे काकांच्या बायकोचा, फुसाएकाकूंचा; आमच्याकडे गेलेल्या माणसाला एकोणपन्नासाव्या दिवशी शेवटचा निरोप देतात. ओतोमे खाणीच्या टाकाऊ ढिगात त्यांना हा जोडस्फटिक सापडला होता. बुंध्याशी एक आणि वर फाकलेली दोन चपटी पाती. आमच्या संग्रहालयात त्यावर काकूंचं नाव लागावं, एवढंच काकांचं म्हणणं. मी तिथली नोंदणी कारकून. चिठ्ठी छापूनही ठेवली होती.

मी दोन पात्यांमधला कोन मोजला. चौऱ्याऐंशी अंश, तेहेतीस मिनिटं; अस्सल जोडाचा कोन नेमका एवढाच भरतो.

"खरा आहे ना?"

"खरा आहे. दोघं नंतर चिकटलेले नाहीत. जमिनीत खोल, गरम पाण्यात पहिला कण जमतो, तेव्हाच दोघांच्या दिशा ठरतात. पुढे मधल्या खाचेत भर लवकर पडते, म्हणून असे चपटे होतात."

"चाळीस वर्षांत आम्हीही झालो," काका न हसता म्हणाले.

"पण काका, त्याच्या अंगावर वाढीच्या बारीक रेघा होत्या."

"मला ओरखडे वाटले गं."

"त्या गेल्या. आता नियमानं हा खनिजांत बसत नाही. हस्तकलेच्या दालनात घेता येईल."

"तिथं शोधणाऱ्याचं नाव लावतात?"

"फक्त कारागिराचं."

पन्नास वर्षं काकांनी घासलेले स्फटिकाचे गोळे दुकानदारांच्या नावानं विकले गेले होते. मी अर्ज पुढे सरकवला. त्यांनी 'कारागीर' या रकान्यात सावकाश लिहिलं : अमेमिया फुसाए. शेजारी सहीचा शिक्का उमटवला. शिक्क्यावर नुसतं आडनाव असतं, ते दोघांनाही चालतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात आमचे संचालक आले. त्यांनी स्फटिक खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"असं पॉलिश मी आजवर पाहिलं नाही. हात कुणाचा?"

काकांनी पॉलिशच्या हिरव्या भुकटीनं भरलेली नखं टेबलाखाली नेली.

"बायकोचा," ते म्हणाले.