धोंडुबाईचं लुगडं

धोंडुबाई तान्ह्या पोराला घेऊन माहेरी नेसरीला निघून गेली, ते तिचा नवरा केरबा याच्या आधी म्हशीला कळलं. सकाळी तो चरवी घेऊन खाली बसला आणि चंद्रीनं अशी लाथ झाडली की चरवी एकीकडं आणि केरबा शेणात. दारात गिऱ्हाइकं तांबे घेऊन उभी. शहरातल्या गंगावेशीतली माणसं ती, डोळ्यांदेखत पिळलेलंच दूध घेणारी.

चंद्री धोंडुबाईच्या माहेरची म्हस. रेडकू मेलेलं, त्यामुळं धोंडुबाईचा हात लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. केरबाची पंधरा वर्षांची पोरगी बायडा पुढं झाली, तर तिलाही म्हशीनं जवळ येऊ दिलं नाही.

शेजारची इमामबी भिंतीवरून बघत होती. गाद्या शिवून पोट भरणारी, केस पिकलेली बाई. ती केरबाला म्हणाली, "धोंडूचं लुगडं नेसून बस की. आमच्या गावाकडं बाप्ये नेसत्यात. म्हशीला वास पायजे. मिशा हायत का न्हाईत ते ती बघत न्हाय."

गिऱ्हाइकं हसली.

"मी नेसू व्हय लुगडं?" केरबा म्हणाला. मग बायडाकडं वळला. "जा गं, आईचं गुंडाळून ये."

बायडा आत गेली. खुंटीवर आईचं हिरवं लुगडं होतं. जाताना आईचा ओठ फुटलेला होता, नीट बोलताही येत नव्हतं. "तू थोरली हायस, म्हशीला बघ," एवढं म्हणून ती एसटीला गेली होती. बायडानं ते लुगडं जमेल तसं नेसलं. चंद्रीनं तिचा पदर हुंगला, खाली मान घातली आणि पान्हा सोडला.

त्या दिवसापासून बायडा लुगड्यात अडकली. आधी फक्त धारेपुरतं नेसायची. मग चूल, शेणघाण, पाणी सगळंच गळ्यात पडलं आणि सारखं सोडायला-नेसायला सवड राहिली नाही. नववीतलं नाव नुसतं पटावर राहिलं. गिऱ्हाइकं तिला थट्टेनं धाकली धोंडुबाई म्हणू लागली. ती हसायची, कारण आई महिन्याभरात येईल असं तिला वाटत होतं.

नेसरीहून मामा बाजाराला आला, तेव्हा तिनं दारातच विचारलं, "आई कवा येतीया?"

मामा चप्पल न काढताच म्हणाला, "एवढ्यात न्हाय यायची बाळ. म्हशीला जप म्हणालीया."

"आन मला?"

मामानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू शाणी हायस," तो म्हणाला आणि गेला.

एका संध्याकाळी बायडा दाराकडं पाठ करून भाकरी थापत होती. केरबा पिऊन आला आणि आला तशी त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली. "म्हायारला जातीस व्हय? धोंडे, जातीस व्हय म्हायारला?"

बायडा चुलीजवळ आडवी झाली. तिनं तोंड वळवलं. "आबा, मी हाय. बायडा."

केरबानं तिचं तोंड बघितलं. नीट बघितलं. उगारलेला हात तसाच राहिला. आणि मग तो खाली आला.

पाठ बरी झाली. पण तो थांबलेला हात बायडाच्या डोळ्यांपुढून हलेना. आबांनी चुकून मारलं असतं तर तिनं सोसलं असतं. त्यांनी ओळखून मारलं होतं. हे लुगडं अंगावर आहे तोवर आईच्या वाट्याचं सगळं आपल्याच वाट्याला येणार, हे तिला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं म्हशीला लुगड्यातून सोडवायला सुरुवात केली. आधी परकर-पोलक्यावर नुसतं कमरेला गुंडाळलं. चंद्री बुजली, पण उभी राहिली. काही दिवसांनी खांद्यावर टाकलं. मग मांडीवर घडी करून ठेवलं. धार काढता काढता ती चंद्रीशी सारखी बोलत राही, शाळेत पाठ केलेले पाढे म्हणत राही, म्हणजे तिला आवाजाचीही सवय व्हावी.

"काय गं, तुझं लुगडं रोज आखूड व्हायलंय," इमामबी भिंतीवरून म्हणाली. "म्हशीनं खाल्लं का काय?"

"थोडं ऱ्हायलंय चाची. तेबी खाईल."

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी बायडा शाळेच्या कपड्यांत गोठ्यात बसली. लुगडं घरात खुंटीला होतं. चंद्रीनं तिचा खांदा हुंगला आणि पान्हा सोडला. गिऱ्हाइकांचे तांबे भरले. दुपारी केरबानं दप्तर बघितलं.

"हे काय सोंग? लुगडं नेस. घरात बाई कोण हाय?"

"मी शाळंत निघालेय आबा. धारंच्या वक्ताला येते. आन आता मला हात लावलासा तर उद्यापास्नं तुमीच नेसा लुगडं."

केरबानं हात लावला. दप्तर गटारात गेलं, बायडाच्या कानातून रक्त आलं. ती उठली आणि भिंतीपलीकडं इमामबीच्या घरात गेली.

संध्याकाळी गिऱ्हाइकं रिकामे तांबे घेऊन परत गेली. चंद्री हंबरायला लागली. बायडा कापसाच्या ढिगाजवळ बसून ऐकत होती. कास दगडासारखी झाली असेल, सड तटतटले असतील. ती दोनदा उठली.

"बस खाली," इमामबी म्हणाली.

"तिचा काय गुन्हा चाची?"

"कायबी न्हाय. तुझाबी न्हवता."

बायडा बसली. आई एसटीला जाताना आपणही असंच रडत होतो, आणि आईनं मागं बघितलं नव्हतं, हे तिला आठवलं. आईचा राग गेला नाही. पण आईची पाठ तशी ताठ का होती, ते कळलं.

सकाळी गोठ्यापुढं गर्दी झाली. बायडानं भिंतीवरून बघितलं. केरबा हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसला होता. कुणी हसत नव्हतं. चंद्रीनं पदर हुंगला आणि तोंड फिरवलं. एक थेंब आला नाही. तिची लुगड्याची सवय बायडानं कधीच मोडली होती.

मग केरबा तसाच, लुगड्यातच, इमामबीच्या दारात आला. दारूचा वास येत होता.

"म्हस मरंल," तो म्हणाला.

"शाळंत जाणार," बायडा आतून म्हणाली. "आन रातीला हितं चाचीकडं निजणार. भाकरी तुमची तुमी थापायची."

इमामबी उंबऱ्यात उभी होती, ती बाजूला सरली नाही. केरबानं हातातली चरवी पुढं केली.

"आधी ते सोडा," बायडा म्हणाली. "माझ्या आईचं हाय."

गिऱ्हाइकांपुढं त्यानं ते सोडलं. बायडानं गरम पाण्यानं कास शेकली. पहिल्या धारेला चंद्री कळवळली, मग उभी राहिली.

केरबानं दारू सोडली नाही. धोंडुबाईही परत आली नाही. पण बायडावर पुन्हा हात पडला नाही. माया आली म्हणून नव्हे, सकाळी तांबे घेऊन माणसं येत म्हणून. एवढ्यावर तिनं मॅट्रिकपर्यंत दिवस काढले.

शाळेत परत गेली त्या पहिल्या दिवशी बाकावरच्या पोरी शेणाचा वास येतो म्हणून सरकून बसल्या. मोकळ्या झालेल्या जागेत बायडा ऐसपैस बसली आणि तिनं वही उघडली.